बिनकामाचा माणूस

गेल्या महिन्यात वॉल्टर आमच्या मुलाचं नाव विसरला. पण सिनेमातला खुनी कोण, हे त्याला अजून ओळखता येत होतं. मी तेवढ्यावर तग धरून होते.

लग्नाआधी वसईत चर्चच्या हॉलमध्ये रविवारी पडदा लागायचा. हॉलिवूडचे जुने, स्वस्तातले सिनेमे : घाबरट डिटेक्टिव्ह, कपाटातून पडणारा सांगाडा, दार आपटलं की हलणारी भिंत. निम्मं इंग्रजी कळायचं नाही, तरी हसून पोट दुखायचं. दर सिनेमात जिना तोच, फक्त गालिचा वेगळा. मला ओळखीच्या घरी गेल्यासारखं वाटायचं. वॉल्टर मात्र मध्यंतरालाच कानाशी येऊन खुनी सांगून टाकायचा. मी चिडायची.

"अगं हिल्डा, कंपनी गरीब. बिनकामाच्या माणसाला पगार कोण देईल? ज्याला काही काम दिसत नाही, तोच खुनी!"

कधी चुकला नाही.

आता दोह्यात, फरीज बिन ओमरान भागातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, शुक्रवारची चर्चमधली मिस्सा आणि जेवण उरकलं की नात नताशा टीव्हीवर तसलाच एखादा सिनेमा लावून देते. वॉल्टर कधी कानाशी येतो, याची मी वाट बघते.

काल तो आलाच नाही. सांगाडा पडला, तरी हसला नाही.

"वॉल्टर, खुनी कोण?"

त्यानं माझ्याकडे पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"तूच सांगायचास ना? बिनकामाचा माणूस शोध."

त्याचे डोळे बारीक झाले, अगदी पूर्वीसारखे. पण तो पडद्याकडे पाहीना. मुलगा ऑल्विन लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होता. सून आंद्रिया हॉस्पिटलचा युनिफॉर्म इस्त्री करत होती. नताशाचा गृहपाठ चालला होता, मी लसूण सोलत होते. एकेकावर थांबत त्याची नजर सगळ्यांवरून फिरली आणि त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"हा."

नताशा खिदळली. "ग्रँडपा, यू आर नॉट ईव्हन इन द मूव्ही!"

ऑल्विननं मान वर केली. "काय झालं, ममा?"

"काही नाही. तू बोल तुझं."

वॉल्टर खूश होता. माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "सांगितलं होतं ना?"

मी घाईघाईनं लसणाची एक पाकळी त्याच्या हातात ठेवली. "हे घे, सोल. हे तुझं काम."

त्यानं ती उलटसुलट करून पाहिली. मग मूठ मिटली आणि सिनेमा संपेपर्यंत तशीच धरून बसला.