किन्नौरच्या बागेत दोघी जावा

दोन हजार बावीस साल उजाडलं आणि दुसऱ्याच दिवशी येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्या नळदुर्गाकडं गावात चिटपाखरू राहत नाही, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, आणि मग दिसेल त्याला हाका मारून शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, भाकरी, आंबील जेवू घालायची. जिच्या कोपीपुढं जास्त पंगती बसतात ती बाई पुढं वर्षभर ताठ मानेनं चालते. त्या साली ईरण्णाच्या रानात बांधाच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक अशा दोन कोपी उभ्या राहिल्या, तेव्हाच मी ओळखलं की घरात काहीतरी बिनसलंय.

ईरण्णा थोरला, उमाशंकर धाकटा. माझ्या चुलत दिराची ही मुलं. मला मूलबाळ नाही, मालक जाऊनही जमाना झाला, म्हणून मी याच घराला धरून राहिलेली. सगळी गल्ली मला अक्का म्हणते. थोरल्याची बायको गिरिजा आणि धाकट्याची महेश्वरी.

गिरिजाचा हात म्हणजे द्राक्षाच्या बागेत सोनं. छाटणीला तिच्यासारखी बाई आमच्या भागात नव्हती. बागाईतदार घरी येऊन, चहा पिऊन तिला घेऊन जायचे. महेश्वरी तिच्या मागून काड्या गोळा करायची. दहा-बारा वर्षं हे असंच चाललेलं होतं, आणि दोघींचं बरंही होतं.

मग उमाशंकर हायवेच्या ढाब्यावर कामाला राहिला. तिथं सफरचंदाचा एक ट्रकवाला मुक्कामाला थांबायचा. त्यानं सांगितलं, वर हिमाचलात, किन्नौरला, श्रावणापासून दिवाळीपर्यंत फळ तोडायला माणूस मिळत नाही. उमाशंकरनं बायकोला घेतलं आणि निघून गेला. दिवाळीच्या तोंडाला दोघं परत आले तेव्हा महेश्वरीच्या डोक्यावर हिरव्या मखमलीची टोपी होती. गालांवर लाली आली होती. आणि मुख्य म्हणजे तोंड उघडलं होतं. पूर्वी चार माणसांत न बोलणारी ती बाई आता बोलायची थांबेना.

येळवशीला सगळ्या गावच्या बाया तिच्याच कोपीपुढं. "डोंगर केवढा गं?" "बर्फ हातात धरला का?" गिरिजाच्या भज्जीचं भांडं भरलेलंच. मी एकटी तिच्यापुढं बसून जेवत होते.

"अक्का, घ्या अजून. तुमीच खावा सगळं. बाकीच्यास्नी टोपीनंच पोट भरलंय," गिरिजा म्हणाली.

"येतील गं."

"कशाला येत्यात? म्या काय, म्हशीचं शेण काढणारी. म्या हिकडं सासूची हागणी-मुतणी काढली, सोयाबीन काढलं, तवा ती तिकडं थंड हवा खात हिंडली." मग बांधाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "काड्या येचणारीला बागवाल्यानं ठेवून घेतलं! तिथं छाटणारी गेली असती तर बाग नावावर केली असती!"

पलीकडून महेश्वरी हसत म्हणाली, "जाऊबाई, तिथं छाटायचं न्हाय, तोडायचं असतंय."

"तोडायला काय शाणपण लागतंय? शेळीबी तोडती."

बाया हसल्या. कोणाला हसल्या कोण जाणे, पण गिरिजाचं तोंड काळवंडलं. त्याच दिवशी संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, पुढल्या हंगामाला मी जाणार. ईरण्णा बिचारा देवमाणूस. "जा की," म्हणाला, "म्हशीचं म्या बघतो." त्या उन्हाळ्यात सासू वारली, तेव्हा घरात अडकायलाही कारण उरलं नाही.

महेश्वरीला हे मुळीच नको होतं. चुलीपाशी बसून मला म्हणाली, "अक्का, आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या नावानं हाक मारली. मालकीण म्हणती, महेश्वरीला आण, तिच्यासारखी कुणी न्हाय. आता ह्या आल्या की झालं. त्यास्नी कात्री धरलेली कुणी बघितली की माझ्याकडं कोण बघतंय?"

"तुझी जागा कुणी खात न्हाय."

"तुमास्नी ठाव न्हाय अक्का. ह्या जिथं उभ्या राहत्यात तिथं दुसऱ्याला जागाच उरत न्हाय."

श्रावणात आम्ही चौघं निघालो. चौथी मी, भाकरी थापायला. तिथं माणसं भातावर राहतात आणि ज्वारीवाचून उमाशंकरच्या पोटात कळा येतात. सोलापूरला रेल्वेत बसलो, दिल्ली पाहिली म्हणायची तर नुसती स्टेशनातली. पुढं बस. डोंगर सुरू झाले तशी मी डोळे मिटले. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खाली, पार खाली, मळणीयंत्रासारखी धडधडणारी नदी. गिरिजा मात्र खिडकीला नाक लावून बसली होती. "आता तर इथनं म्हागारी जायाचीच न्हाय," असं तिनं एकदा म्हटलेलं मी ऐकलं.

बाग डोंगराच्या अंगावर होती. जमीन म्हणजे नुसती खडी. आमच्या काळ्या रानातल्या माणसाला वाटावं, इथं बाभळसुद्धा येणार नाही. आणि त्याच खडीत लाल फळांनी लवलेली झाडं. मालकीण साठीची, तिला सगळे अम्माजी म्हणत. नवरा नव्हता, पोरं शहरात. चेहरा उन्हानं रापलेला, आमच्यातलीच वाटावी असा. तिनं महेश्वरीला पोटाशी धरलं आणि आमच्याकडं बोट करून म्हणाली, "नये लोगों को तू सिखाएगी. तेरी ज़िम्मेदारी."

"हो जी," महेश्वरी म्हणाली.

शिकवण्यासारखी गोष्ट एकच होती. ती मला नंतर कळली, तेव्हा कळली असती तर मीच सांगितली असती. सफरचंद ओढायचं नाही. तळहातात घेऊन वर उचलायचं, की ते देठासकट अलगद सुटतं. मागं फांदीला बोटाच्या पेराएवढी सुरकुतलेली गाठ राहते. तिच्यातच पुढल्या सालचं फूल असतं. ती गाठ गेली की तिथलं फळ गेलं, दोन-तीन वर्षं येत नाही.

महेश्वरीनं गिरिजाला करंडी दिली, झाड दाखवलं आणि म्हणाली, "तोडा की जाऊबाई. शेळीबी तोडती."

पहिले चार दिवस गिरिजाची करंडी अर्धी, तोवर महेश्वरीची भरून रिकामी व्हायची. गिरिजा फळ ओढायची, देठ तुटायचा. बिनदेठाचं फळ अम्माजी बाजूला काढून ठेवायची. सांजच्याला चुलीपाशी महेश्वरी नवऱ्याला सांगायची, मला ऐकू जाईल आणि गिरिजालाही जाईल एवढ्या आवाजात, "आज बिनदेठाचीच लई निघाली बाई कुणाकुणाची."

गिरिजा ताटावरून न जेवता उठायची.

पाचव्या दिवशी तिनं कंबरेची छाटणीची कात्री काढली. द्राक्षाची बाई ती. द्राक्षाच्या वेलीचा धर्मच असा की तिला जेवढं कापावं तेवढी ती जोमानं फुटते, वर्षातून दोनदा खरडून काढावी लागते. झाडाला कात्री लावणं म्हणजे त्याचं भलं करणं, हे तिच्या हाडात मुरलेलं. लांबच्या कडेची झाडं तिनं मागून घेतली आणि डहाळीसकट फळं उतरवायला लागली. डहाळी गवतात टाकायची, देठ राखून फळ करंडीत. एकाही फळाला बोटाचा डाग नाही.

आता तिची करंडी आधी भरू लागली. अम्माजीनं फळ हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "वाह, गिरिजा!" नुसतं एवढंच. पण महेश्वरीच्या हातातलं फळ खाली पडलं. त्या दिवशी माझी भाकरी तिला कडक लागली, भाजी खारट लागली, आणि नवरा तर बिनकामाचाच वाटला.

आठवडा असाच गेला. गिरिजा काम करता करता गाणी म्हणायची. उमाशंकर मला म्हणाला, "अक्का, वैनी रमल्या बघा." मी म्हणाले, "वैनी रमल्या, पण तुझी बायको करपली."

तिथल्या बाया थंडीच्या आधी बागेतलं गवत कापून जनावरांना वाळवून ठेवतात. अम्माजी विळा घेऊन कडेच्या झाडांखाली बसली आणि तिच्या हाताला गवताऐवजी डहाळ्या लागल्या. वर पाहिलं तर झाडाला पांढरे घाव. तिनं एक डहाळी उचलली, तिच्यावरच्या गाठी अंगठ्यानं चाचपल्या आणि तशीच बसून राहिली. आम्ही सगळे गोळा झालो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किसने किया?"

गिरिजानं कात्री लपवली नाही. पण बोलली ते असं, "म्हेश्वरीनंच सांगितलं व्हतं. असंच तोडायचं म्हणून."

"मी?" महेश्वरी पुढं आली. "अम्माजी, झूठ है! मैंने कुछ नहीं बताया! शप्पथ, एक शब्द नहीं बताया!"

अम्माजीनं मान वर केली. "एक शब्द नहीं?"

"नहीं!"

"गाँठ का भी नहीं बताया?"

आपण काय बोलून बसलो ते महेश्वरीला तेव्हा उमगलं. उमाशंकरनं कपाळावर हात मारला.

अम्माजी उठली. गिरिजापुढं जाऊन म्हणाली, "तू झूठी है." मग महेश्वरीकडं वळली. "और तू... तुझे मैंने बेटी कहा था." बराच वेळ ती घावांवरून बोट फिरवत राहिली. घाव तिरपे, गुळगुळीत, कुठं साल सोललेली नाही. म्हाताऱ्या बागवालीला हात ओळखायला वेळ लागत नाही. मग तिनं गिरिजाला विचारलं की हे काम कुठं शिकलीस. गिरिजानं मोडक्या हिंदीत द्राक्षाचं सांगितलं, आणि सांगता सांगता तिचं रडं फुटलं.

"बिगाड़ा तूने है, तो सुधारेगी भी तू," अम्माजी म्हणाली. थंडीत तिथंही छाटणी असते. गुडघाभर बर्फात उभं राहून करायची, म्हणून माणूस मिळत नाही. कुठं कापायचं ते मी दाखवीन, ही झाडं पुन्हा उभी करून दे, असं तिनं सांगितलं. आणि महेश्वरीला, हा हंगाम पुरा कर आणि जा. पुढल्या साली येऊ नको.

आम्ही उतरणीला लागलो. वाटेत महेश्वरी म्हणाली, "डहाळ्या तिनं तोडल्या अन् घालवलं मला."

गिरिजा मागून म्हणाली, "एक शब्द सांगितला असतास तर?"

"तुमी एक शब्द इचारला असता तर?"



त्यानंतर मी किन्नौरला गेले नाही, गुडघे ऐकत नाहीत. ईरण्णा म्हशी सांभाळतो, भाकरीही आता बरी थापतो. उमाशंकर पुन्हा ढाब्यावर. अम्माजी आहे, डोळ्यांनी अधू झाली आहे. ती कडेची झाडं दोन वर्षं वांझ राहिली, मागच्या साली धरली म्हणतात. गिरिजा दर थंडीला जाते. आता तिथल्या आसपासचे बागवालेही तिला बोलवायला येतात, चहा पिऊन घेऊन जातात.

महेश्वरी दोन वर्षं घरात बसली, मग एके दिवशी मान खाली घालून गिरिजाला म्हणाली, मलाही न्या. गिरिजानं नेलं. अम्माजीपुढं तिच्यासाठी शब्दही टाकला. तेव्हापासून दोघी जातात. गिरिजा कापते, महेश्वरी मागून बर्फातल्या काड्या गोळा करते.

या उन्हाळ्यात मी गिरिजाला म्हणाले, "अगं, तिलाबी शिकीव की आता छाटणी. कवर येचायच्या तिनं काड्या?"

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "शिकवीन की अक्का. एवढी घाई काय हाय?"