तिसरा जोड

"आलं का काय हाताला?" पुष्पावतीकाकूंनी नाकाला पदर लावून विचारलं.

भागवत सांडपाण्याच्या चेंबरच्या तोंडाशी पालथा पडला होता. उजवा हात खांद्यापर्यंत आत. "आलंय कायतरी. राखंवानी न्हाई लागत," तो म्हणाला आणि दात-ओठ खाऊन त्यानं ओढलं. म्हशीच्या शेपटीएवढा मुळ्यांचा झुपका बाहेर आला. वास असा सुटला की ओट्यावर उभा असलेला सुनील दोन पावलं मागे सरला.

"उंबराच्या मुळ्या," भागवत म्हणाला.

सुनील काकूंचा मुलगा. पुण्याला असतो, दोन दिवसांसाठी आला होता. त्यानं आधी परसातल्या उंबराकडे पाहिलं, मग आईकडे. "बघ आई. आधी राख, आता हा उंबर. बाबा तोडायचं म्हणत होते तेव्हा आडवी कोण पडली होती? सगळं तुझ्यामुळे होतं."

"व्हय रे बाबा. माजंच चुकलं," काकू म्हणाल्या.

त्या इतक्या पटकन बोलल्या की भागवत हात धुता धुता थांबला. चूक कबूल करायची या बाईला सवयच जडली होती, आणि ती सवय कोणी लावली हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

राहुरीच्या या कॉलनीत भागवतानं बसवलेला पाइपचा जोड पाझरत नाही असं लोक म्हणायचे. लोकांच्या आधी भागवत स्वतः म्हणायचा, हा भाग वेगळा. आता वय बासष्ट, गुडघे कुरकुरायचे, नवीन पोरं मशीन घेऊन गाडीवरून यायची. पण जुन्या घरांचा भरवसा अजून त्याच्यावर होता. बायको गेल्यावर त्याच्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच काय ते उरलं होतं.

आठ वर्षांपूर्वी ही लाइन पहिल्यांदा तुंबली, तेव्हा त्यानं बांबूची कांब घालून ती मोकळी केली. मोरीत राखेनं घासलेली भांडी पालथी घातलेली होती. चहाचा कप हातात घेऊन तो सहज बोलून गेला, "काकू, राखंनं तुंबतंय बरं का." झालं! त्या घरात तो कायदाच झाला. काकूंनी राख सोडली, पावडर आणली. तरी लाइन तुंबतच राहिली. मग जुनी राख आत घट्ट बसली असणार, असं घरात ठरलं. काकूंचे यजमान सहादेवराव होते तोवर ते काकूंना बोलत, ते गेल्यावर सुनील फोनवरून बोले. भांड्यांचं पाणी, आंघोळीचं पाणी काकू बादलीनं रस्त्याकडेच्या गटारात नेऊन ओतू लागल्या. सत्तरी उलटलेली बाई, दिवसाला दहा बादल्या! गेल्या दिवाळीत ऐन पाडव्याला संडास तुंबला आणि सून मुलांना घेऊन दुसऱ्याच दिवशी परत गेली. तेव्हापासून नातवंडांचं तोंड दिसलेलं नव्हतं.

भागवतानं कुदळ घेतली. मुळ्या शिरल्या कुठून, ते पाहायला हवं होतं. उन्हं चढेपर्यंत तो खणत राहिला. चिनी मातीच्या पाइपचा पहिला जोड उघडा पडला, ठणठणीत. दुसराही तसाच. तिसऱ्याजवळची माती त्यानं हातानं बाजूला केली आणि वाकून खालून पाहिलं.

वरून सिमेंट छान गोल फिरवलेलं. खालून काहीच नाही. बोटभर फट, आणि तिच्यातून आत घुसलेली मनगटाएवढी मुळी.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ त्याला जशीच्या तशी आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी वास्तुशांतीचा मुहूर्त. पाहुणे उतरलेले, आणि मांडवाची मेढ नेमकी चरावर येत होती. "भागवत, लोट माती आता," सहादेवराव घाई करत होते. तिसऱ्या जोडाखाली हात पोचत नव्हता. उद्या उकरून भरू, असं म्हणत त्यानं माती लोटली. वर मांडव पडला, जेवणावळी उठल्या, नव्या लाइनचं कौतुक झालं, टोपी-टॉवेल मिळाला. तो उद्या काही उगवला नाही.

आता माती पुन्हा लोटली असती तर कोणाला कळणार होतं? उंबर होताच की नाव घ्यायला. भागवतानं फावड्याकडे पाहिलं. मग ओट्याकडे पाहिलं. काकू सुनीलला सांगत होत्या, "तोड उंबर. पन पोरांना घिऊन ये यंदा. मी न्हाई काय टाकनार मोरीत."

भागवतानं फावडं लांब सारलं.

"काकू, हिकडं या. सुनीलभाऊ, तुमीबी या."

दोघं चराच्या काठाशी आले. त्यानं जोडाभोवतीची माती आणखी उकरली, नीट दिसावं म्हणून.

"मुळी पाइप फोडून येत न्हाई. फट घावली तरच शिरती. ही फट माजी हाय. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी खालून सिमेंट भरलंच न्हाई. उंबराचं कायबी चुकलं न्हाई."

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही आईला..." सुनीलनं रागानं फोन काढला. "याचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकतो मी."

"टाका," भागवत म्हणाला आणि बाजूला सरला, त्याची सावली जोडावर पडत होती म्हणून.

काकू मात्र त्या फटीकडेच बघत होत्या. "मंग राख न्हवती?"

"न्हाई काकू. राख कवाच न्हवती. मी उगाच बोललो."

काकू घरात निघून गेल्या. शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

भागवतानं मुळी कापली, तेवढी लाइन काढून नवा पाइप टाकला, जोड खालून-वरून दोनदा चाचपले. काम संपलं तेव्हा चार वाजले होते. चेंबरशी वाकून त्यानं हाक मारली, "काकू, सोडा पानी!"

तांब्याभर पाणी आलं.

"तांब्यानं न्हाई वो! नळ सोडा, पुरा!"

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाणी आलं, खळखळत, कुठेही न अडता. "बास, झालं! बंद करा!" तो ओरडला. पाणी येतच राहिलं. ऐकू गेलं नसेल म्हणून गुडघ्यांवर हात टेकत तो उठला आणि मोरीच्या खिडकीशी गेला.

काकू पाटावर बसल्या होत्या. नळ पूर्ण सोडलेला, त्याच्या धारेखाली दोन्ही हात धरलेले, आणि डोळ्यांतलं पाणी त्या पुसतही नव्हत्या.

भागवत पाऊल न वाजवता मागे फिरला आणि चेंबरपाशी जाऊन बसला. पुन्हा त्यानं हाक मारली नाही.