तहाचं पदक

दातवाल्या डॉक्टरांना माणसांपेक्षा पदकं बरी वाटायची, आणि त्यात त्यांची फारशी चूक नव्हती. दिवसभर ज्याला लोकांच्या उघड्या तोंडात डोकावायचं असतं, त्याला संध्याकाळी एखादी गप्प बसणारी वस्तू हवीच की. दवाखाना खाली, घर वर. वरच्या बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट, आणि त्यात निळ्या मखमलीवर चांदीची स्मृतिपदकं. शहराचा वेढा, मोठी आग, पहिला छापखाना, दीपगृह, असे इतिहासातले आठ प्रसंग एका जुन्या टांकसाळीनं पदकांवर काढले होते. त्यातली सात गोळा करता करता डॉक्टरांच्या डोक्यावरचे केस गेले. आठवं, तहाचं पदक, काही केल्या मिळेना. दोन राजे हातात हात घालून उभे आहेत आणि दोघांच्याही चेहऱ्यावर आपण फसलो असा भाव आहे, असं ते पदक. डॉक्टरांनी ते फक्त पुस्तकात पाहिलं होतं.

ते मिळालं मुलीच्या लग्नात. व्याही रंगाच्या दुकानाचे मालक, आणि पदकांच्या नादाला लागलेले, डॉक्टरांच्याच पदकसंग्राहक मंडळातले. सगळे त्यांना रंगवालेच म्हणायचे. लग्नाची जेवणं झाल्यावर रंगवाल्यांनी चारचौघांत डबी पुढे केली आणि म्हणाले, "तुमची लेक आमच्या घरी आली, हे तुमच्या घरी जाऊ दे." लेक सासरी निघाली तेव्हा डॉक्टर रडले नव्हते. डबी उघडली आणि ढसाढसा रडले. बायको ते अजून विसरलेली नाही.

आता संच पुरा झाला म्हटल्यावर मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात पहिला मान यंदा डॉक्टरांचाच, हे ठरल्यात जमा होतं. कित्येक वर्षं ते दुसऱ्यांना टाळ्या वाजवून हाताचे तळवे लाल करून घेत होते. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी ते दवाखान्यातल्या टेबलावर चिठ्ठ्या लिहीत बसले. प्रत्येक पदकापुढे नाव, साल, वजन. सात चिठ्ठ्या झाल्या. आठवीवर वजनाची जागा कोरी राहिली.

"हे का सोडलंत?" बायकोनं विचारलं.

"केलंच नाही कधी."

"तुम्ही? तुम्ही तर पाहुण्यांनी आणलेले पेढेसुद्धा तोलून बघाल."

"अगं, व्याह्यांनी दिलेली वस्तू. ती काट्यावर घालायची म्हणजे व्याह्यांनाच काट्यावर घातल्यासारखं."

पण चिठ्ठी कोरी ठेवून चालणार नव्हतं. दात भरायचं मिश्रण मोजायचा नाजूक काटा होता, त्यावर त्यांनी चिमट्यानं पदक ठेवलं. पुस्तकातल्या वजनाप्रमाणे काटा जिथे जायला हवा तिथे गेलाच नाही. त्यांनी पुन्हा ठेवलं, फुंकर मारून ठेवलं. पाचवा हिस्सा वजन गायब. मग खुर्चीवरचा दिवा ओढून घेतला, दात तपासायची टोकदार सळी उचलली आणि पदकाच्या कडेला, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं, खरवडलं. खालून पिवळं दिसलं.

"पितळ," डॉक्टर म्हणाले. ते पेशंटच्या खुर्चीत बसले. "वर नुसता चांदीचा मुलामा."

"मग सांगा की त्यांना."

"काय सांगू? की तुम्ही आमच्या गळ्यात पितळ मारलंत? बिचाऱ्यांना कुणीतरी फसवलं असणार. सगळ्या गावाला सांगत सुटलेत, व्याह्यांना आपण तहाचं पदक दिलं म्हणून. चारचौघांत उघडं पडलं तर त्या माणसाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि आपली पोरगी त्याच घरात आहे."

"मग नेऊ नका."

"ते स्वतः बघायला येणार आहेत. नाही नेलं तर का नाही नेलं?"

मंडळाची एक जुनी रीत होती. ज्याला पहिला मान, त्याचा संच सगळ्यांसमोर एकेक करून काट्यावर चढायचा, आणि वजन मोठ्यानं पुकारलं जायचं. बाकीच्यांचं वजन कुणी विचारतही नसे. म्हणजे वाट एकच होती. पदक न्यायचं आणि हरायचं. जन्मभर ज्यासाठी जीव टाकला, तेच टाळायचं. डॉक्टरांनी एक मोठा सुस्कारा सोडला आणि कामाला लागले.

सभागृहात त्यांनी आपल्या मांडणीची मन लावून वाट लावली. तहाचं पदक सगळ्यात आधी ठेवलं आणि वेढ्याचं शेवटी. छापखान्याचं चक्क उलटं. दीपगृह एका कोपऱ्यात, इतकं लांब की त्याचा बाकीच्यांशी काही संबंध आहे असं वाटू नये. मखमल चुरगळलेलीच राहू दिली. एवढ्या गबाळेपणाला तिसरा नंबरसुद्धा कुणी देणार नाही, असं म्हणून ते जरा निवांत झाले.

मंडळाच्या अध्यक्षबाई शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्या डॉक्टरांच्या टेबलापाशी आल्या आणि तिथेच खिळल्या.

"तह आधी आणि वेढा नंतर," त्या हळूच म्हणाल्या. "इतिहासात असंच तर होत आलंय. आणि छापखाना उलटा, कारण छपाईचे खिळे उलटेच असतात. डॉक्टर, दीपगृह एकटं ठेवलंत, त्यावर तर मला बोलायलाच सुचत नाही."

"बाई, मखमल चुरगळली आहे," डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाले.

"समुद्र ना? कळलं मला."

झालं. पहिला मान डॉक्टरांचा. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्यात सगळ्यात मोठ्या टाळ्या मुलीच्या. तिच्या शेजारी विहीणबाई नवी साडी नेसून बसल्या होत्या, आणि पलीकडे रंगवाले. त्यांच्या कपाळावर मात्र घाम होता. डॉक्टरांना वाटलं, पंखा लांब आहे.

अध्यक्षबाईंनी काटा मागवला आणि मांडणीतलं पहिलंच, तहाचं पदक उचललं.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. पुढे काय बोलायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण तोंड आपसूक चालू झालं. "ही नक्कल आहे. मीच करून घेतली, पितळेची. अस्सल घरी आहे. गर्दीत चोरीला जाईल म्हणून आणलं नाही."

सभागृह खो खो हसत सुटलं. नक्कल म्हणजे संच अपुरा, आणि अपुऱ्या संचाला मान नाही. पहिला मान टपाल खात्यातल्या एका गृहस्थांच्या महापुराच्या पदकांना गेला. त्यांनी मखमल इस्त्री करून आणली होती.

डॉक्टरांना वाटलं, सुटलो. पण विहीणबाईंनी नाक मुरडून तोंड फिरवलं, आणि मुलगी तरातरा समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, माझ्या सासऱ्यांनी एवढ्या प्रेमानं दिलेली वस्तू, आणि तुम्ही तिची नक्कल लोकांना दाखवता? काय वाटलं असेल त्यांना? मी आता कुठल्या तोंडानं घरी जाऊ?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांना सहन होईना. पण खरं सांगावं तर तिचंच घर ढवळून निघणार होतं. रंगवाले घाईघाईनं निघून गेले. त्या दिवशी डॉक्टरांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडतो न उघडतो तोच रंगवाले हजर. सरळ खुर्चीत जाऊन बसले.

"कुठली दाढ?" डॉक्टरांनी दिवा ओढत विचारलं.

"दाढ नाही." रंगवाल्यांनी खिशातून रुमालाची घडी काढून डॉक्टरांच्या हातात ठेवली. आत तहाचं पदक होतं. हाताला लागताच डॉक्टरांना कळलं, हे भारी आहे. "माझ्याकडे दोन होती. लग्नाच्या दिवशी हे उचलायला गेलो, पण हातच उचलवेना. मग दुसरं दिलं. म्हटलं, व्याही सभ्य आहेत, वजन करायचे नाहीत."

"नाही केलं. कालच्या सकाळपर्यंत."

"आणि काल माझ्यासाठी सगळ्यांचं हसू ओढवून घेतलंत. घरी जाऊन मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बायको बोलत नाही. तुमची लेक तर माझ्याकडे बघतसुद्धा नाही. ती येईलच आज तुमच्याकडे." त्यांनी काट्याकडे बोट केलं. "आता करा वजन."

"नको, व्याही."

"करा. मला बरं वाटेल."

डॉक्टरांनी पदक काट्यावर ठेवलं. काटा बरोब्बर जागेवर जाऊन थांबला. रंगवाले पदकाकडे एकटक बघत होते. अशा वेळी काय म्हणायचं असतं, हे डॉक्टरांना पक्कं माहीत होतं. राहू द्या तुमच्याकडेच, भावना पोचली, एवढं म्हणायचं, आणि माणूस सुखानं घरी जातो. शब्द अगदी ओठावर आले. त्यांनी ते म्हणण्यासाठी पदक चिमट्यानं उचललं, आणि हात काही पुढे जाईना.

रंगवाल्यांनी त्या हाताकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहिलं.

"होतं असं," रंगवाले म्हणाले.

डॉक्टरांनी पदक कोटाच्या आतल्या खिशात टाकलं आणि म्हणाले, "आलाच आहात तर तोंड उघडा. जरा बघून घेतो."