कदमताल

पीटीच्या बाईंना घरात कुणी काडीचंही काम करू देत नव्हतं. याबद्दल तक्रार करावी तर ऐकायला कुणाला सवड नव्हती, कारण सगळे बाईंचीच कामं करण्यात गुंतलेले!

बाईंचं अख्खं आयुष्य शाळेच्या मैदानावर गेलं होतं. त्यांनी ‘सावधान!’ म्हटलं की पोरं तर सोडाच, कुंपणापलीकडून जाणारा माणूसही दचकून ताठ व्हायचा. निवृत्तीनंतर मात्र उजवा हात आपल्या मर्जीनं थरथरायला लागला. सही मुंगीएवढी झाली. तो दणदणीत आवाज घशातच विरायला लागला. आणि दारातून जाताना पाय मधेच जमिनीला चिकटल्यासारखे थांबायला लागले. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, “पार्किन्सन्स आहे.”

मुलगा मायेचा, सून त्याहून मायेची. पण त्या मायेनं बाईंना जखडून टाकलं. ब्लाउजची बटणं सून लावायची. घास मुलगा मोडून द्यायचा. कुणी आलं आणि “बाई, कशा आहात?” असं विचारलं, की बाईंचं तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणायचा, “बरी आहे हो!” पुढे पुढे तर पाहुणे आले की बाईंना आतल्या खोलीतच बसवायला लागले. उगाच लोकांसमोर हात हलतो, लोक कीव करतात, कशाला?

एके दिवशी सकाळी फोन वाजला. मुलगा बाहेरच्या खोलीत बोलत होता.

“आई ना? अहो, ती बाहेरगावी गेलीय. नाही, एवढ्यात यायची नाही. तुम्ही दुसरं कुणीतरी पाहुणं बघा ना.”

आतल्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या बाईंनी शब्द न् शब्द ऐकला. मुलगा आत आला तेव्हा त्यांनी विचारलं,

“कुठल्या गावी गेलेय मी?”

मुलाचा चेहरा पडला. “आई, शाळेचा फोन होता. क्रीडादिनाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावत होते. एवढं मोठं मैदान, एवढी माणसं... तू पडलीस तर?”

“पडले तर उठेन. जन्मभर पोरांना दुसरं काय शिकवलं मी?”

“आणि लोक हसले म्हणजे?”

बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. पण राग आला की आवाज आणखीनच आत जायचा. ओठ हलले, शब्द आलेच नाहीत. मुलानं मायेनं त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. बाईंनी ती काढून खाली टाकली!

आठवड्यातून दोनदा सून त्यांना दवाखान्यातल्या व्यायामवर्गाला न्यायची. तिथं हाच आजार असलेल्या एक निवृत्त न्यायाधीश यायच्या. सगळे त्यांना जज्जबाई म्हणत. मान सतत हलायची, पण जीभ अजून कोर्टात बसल्यासारखी. त्या दिवशी बाईंचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी बाजूला बसवून घेतलं आणि सगळी हकीकत काढून घेतली.

“म्हणजे तुमच्या मुलानं तुम्हाला न विचारता निकाल देऊन टाकला,” जज्जबाई म्हणाल्या. “बाजू ऐकली का तुमची?”

“नाही. पण तो वाईट नाही हो.”

“वाईट कोण म्हणतंय? चांगल्या माणसांचेही निकाल चुकतात. हे बघा बाई, आपल्याला जन्मठेप झालीय, फाशी नाही. आजार जायचा नाही, कबूल. पण गोळी वेळेवर घ्यायची, व्यायाम चुकवायचा नाही आणि चारचौघांत जायचं. आपण आत बसलो ना, तर आजाराला काही करावंच लागत नाही. उरलेलं काम घरचेच करतात!”

बाजूला उभ्या असलेल्या सुनेनं मान खाली घातली.

“आणि पाय अडकले तर?” बाईंनी विचारलं.

“मी मनातल्या मनात गाणं म्हणते. ठेका मिळाला की माझे पाय सुटतात. प्रत्येकाचं वेगळं असतं, तुम्ही तुमचं शोधा. अहो, तुम्ही तर कवायतीच्या बाई!”

घरी आल्यावर सुनेनंच शाळेला फोन लावला. “बाई आल्यात परत,” ती म्हणाली, आणि फोन सासूबाईंच्या हातात दिला. हात थरथरत होता, आवाज पुटपुटल्यासारखा. पण “येते मी,” हे दोन शब्द पलीकडे पोचले.

क्रीडादिनाच्या दिवशी मुलगा तोंड फुगवून बरोबर आला. मैदानाच्या फाटकातून बाई आत शिरल्या, रांगेत उभ्या असलेल्या मुलांसमोर आल्या, आणि नको तेच झालं. पाय थांबले. एक पाऊलही उचलेना. हात जोरात हलायला लागला. मुलांमधून खुसखुस ऐकू आली. मागच्या रांगेतला एक पालक शेजाऱ्याला म्हणाला, “सकाळी सकाळीच घेतलीय वाटतं!”

मुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो पुढे धावला. “आई, चल, घरी जाऊ. मी उचलून नेतो.”

“हात लावू नकोस!” बाई म्हणाल्या. फार दिवसांनी तो आवाज चार माणसांना ऐकू गेला.

त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या नव्या पीटी सरांना खूण केली. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. थरथरत्या हातानं ती ओठांपर्यंत न्यायला वेळ लागला. पहिली फुंकर फुकट गेली. दुसरी मात्र मैदानभर घुमली! खुसखुस थांबली.

“कदमताल सांगा त्यांना,” बाई सरांना म्हणाल्या.

“कदम... ताल!” सर ओरडले.

शेकडो पावलं एका ठेक्यात जागच्या जागी पडायला लागली. धप, धप, धप, धप! बाईंनी क्षणभर डोळे मिटले, मान ताठ केली, आणि डावा पाय उचलला. मग उजवा. मग डावा! मंचापर्यंत त्या आपल्या पायांनी चालत गेल्या. वाटेत एकदा झोक गेला, मुलाचा हात आपोआप पुढे झाला; पण त्यानं तो मागे घेतला आणि नुसता शेजारून चालत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

माइक अगदी ओठांशी धरून बाई म्हणाल्या, “मी प्यायलेले नाही. मला पार्किन्सन्स आहे. माझा हात हलतो, पाय अडकतात, आवाज बसलाय. डोकं मात्र शाबूत आहे. तेव्हा रांग वाकडी दिसली तर आजही कान पकडीन!”

मुलं खदखदून हसली. या वेळी बाईही हसल्या. मागच्या रांगेतला तो पालक नंतर येऊन ओशाळून उभा राहिला. “माफ करा बाई, मला माहीत नव्हतं.”

“आता झालं ना माहीत? मग दुसऱ्यांना सांगा,” बाई म्हणाल्या.

परतताना मुलगा रिक्षात आईच्या शेजारी बसला. मग म्हणाला, “आई, मला वाटायचं, मी तुला जपतोय. खरं तर मलाच लाज वाटत होती गं.”

बाईंनी त्याच्या पाठीवर थरथरता हात ठेवला. “मलाही वाटत होती. आता बास झालं!”

वाचकहो, बाई काही बऱ्या झालेल्या नाहीत. काही दिवस फार वाईट जातात. गोळीचा असर उतरला की खुर्चीतून उठवत नाही. पण आता त्या आपली बटणं आपण लावतात, त्याला कितीही वेळ लागो, आणि घरात कुणी घाई करत नाही. न्हाणीघरात आधाराला दांडा बसलाय. व्यायामवर्गात जज्जबाईंशी दर वेळी नवं भांडण असतं.

आजार माणसाच्या शरीराला होतो. त्या माणसाला घरातून, गप्पांतून, जगण्यातून काढून टाकायचं काम मात्र आपण करतो, तेही मायेच्या नावाखाली! तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर त्यांच्या वतीनं बोलू नका. काय हवं, काय नको, ते त्यांनाच विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.