धुक्यातला डावा दिवा

गाडीच्या बंपरखाली, रस्त्याला जवळजवळ टेकलेले दोन पिवळे दिवे असतात ना, मित्रांनो? तशाच एका जोडीतला, आता जुना झालेला डावीकडचा दिवा मी. दाट धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले, की त्यांचा उजेड उलटून चालवणाऱ्याच्याच डोळ्यांवर येतो. समोर नुसती पांढरी भिंत दिसते. आम्ही मात्र खालून, धुक्याच्या पायाशी उजेड टाकतो आणि रस्त्याची कड दाखवतो.

कारखान्यात मला जाड काच बसवली आणि पाण्यात बुडवून पाहिलं. आत थेंबही शिरला नाही. माझा जुळा भाऊ, उजवा दिवा, तोही परीक्षेत उतरला. मग आम्हाला एका खोक्यात घातलं. सोबत तारांचं वेटोळं, बटण, फ्यूज आणि रिले नावाची छोटी काळी डबी दिली. ती डबी असली की आम्हाला वीज थेट बॅटरीतून मिळते आणि गाडीच्या बारीक तारांवर आमचा भार पडत नाही. आमची खरी पाठराखीण तीच.

आम्हाला विकत घेणाऱ्या गृहस्थांची पत्नी डोंगरावरच्या दवाखान्यात परिचारिका होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. रोज पहाटे ती जुनी गाडी घेऊन निघे. वाटेत दवाखान्यातल्या मावशींना शेजारी बसवून घेई आणि वळणावळणाच्या रस्त्याने वर जाई. थंडी पडली की त्या रस्त्यावर हाताला हात दिसत नसे.

"गॅरेजवाले गाडीची वाट लावतात. दिवे मी स्वतः बसवणार," असं नवऱ्याने जाहीर केलं. सुट्टीच्या दिवशी जुनी चादर अंथरून तो गाडीखाली शिरला. भोकं नीट पाडली, स्क्रू घट्ट आवळले. हात वाईट नव्हता त्याचा, हे मला कबूल केलं पाहिजे. सिस्टर खोक्यातला कागद वाचत शेजारी उभी होती.

"अहो, ही काळी डबी लावल्याशिवाय जोडू नका, असं लिहिलंय यात."

"किंमत वाढवायला घालतात तसलं काहीतरी. तू इंजेक्शनं दे, गाडीचं मी बघतो."

डबी खोक्यातच राहिली. त्याने आमच्या तारा मोठ्या दिव्यांच्या तारेला पिळून जोडल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. बटण दाबलं, आम्ही झगझगीत लागलो आणि थोड्याच वेळात गाडीचा फ्यूज उडाला. आमच्याबरोबर मोठे दिवेही विझले. कुंपणापलीकडून शेजारी हसला, "काय हो, गाडीशी आंधळी कोशिंबीर खेळताय काय?"

नवऱ्याचे कान लाल झाले. त्याने उडालेला फ्यूज काढला आणि त्याच्या जागी तांब्याच्या तारेचा जाड तुकडा खोचला. फ्यूज बिचारा स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतो. तांब्याला तेवढी दया नसते. आम्ही पुन्हा लागलो.

"झालं की नाही?" तो म्हणाला. शेजाऱ्यानेही मान डोलावली.

त्या हिवाळ्यात मी मनापासून काम केलं. रस्त्यावर बसलेला कुत्रा मी दाखवला, खचलेली कड दाखवली. मावशी म्हणायच्या, "सिस्टर, तुमच्या मालकांनी सोन्यासारखं काम केलंय हो!"

"केलंय खरं, पण मला जळकट वास येतो," सिस्टर म्हणायची. घरीही तिने ते एकदा नाही, अनेकदा सांगितलं. नवरा म्हणायचा, "दवाखान्यात राहून तुझं नाकच तसलं झालंय."

आणि मग ती पहाट आली. एका अवघड वळणाच्या तोंडाशी आतल्या तारा वितळून एकमेकींना चिकटल्या. मी, माझा भाऊ, मोठे दिवे, सगळे एकदम विझलो. सिस्टरने ब्रेक दाबला, पण वळण कुठे आहे हेच तिला दिसेना. गाडी दगडी कठड्यावर आदळली. माझ्या भावाचा चुरा झाला. सिस्टरचं मनगट मोडलं आणि मावशींच्या गुडघ्याचे तुकडे झाले.

दोघींना दवाखान्यात नेल्यावर नवरा गाडीपाशी आला. मी एका स्क्रूवर लोंबकळत होतो. त्याने बॉनेट उघडलं आणि आत पाहिलं. मग वितळलेल्या तारा त्याने ओरबाडून काढल्या आणि खिशात कोंबल्या. तांब्याचा तुकडाही उपसून घेतला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"दिवे गेले हो, सगळे एकदम गेले," सिस्टर सांगत राहिली.

"दिवे कसे जातील? मी बसवलेत. तुझाच डोळा लागला असेल."

तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेला. डोळे ठणठणीत निघाले. "मग मनाचंच काहीतरी," तो म्हणाला. मावशी दूर आपल्या लेकीकडे अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यामुळे सिस्टरच्या बाजूने बोलायला कुणी उरलं नाही. दवाखान्यात कुजबुज झाली. हळूहळू ती स्वतःच म्हणू लागली, "असेल, मला डुलकीच लागली असेल." तिने नोकरी सोडली आणि गाडीला पुन्हा हात लावला नाही.

मला मात्र त्याने घरी आणून दारावर बसवलं. पाहुण्यांना दाखवायचा, "एवढा अपघात झाला, पण याला ओरखडा नाही. काम म्हणजे काम!" मित्रांनो, त्या कौतुकाने मला जेवढी लाज आणली, तेवढी धुळीने कधी आणली नाही.

बऱ्याच महिन्यांनी मावशी कुबडी टेकत आल्या. त्यांना पाहताच सिस्टर रडू लागली. "मला माफ करा, मावशी. माझ्या डुलकीने तुमचा पाय घेतला."

"कसली डुलकी? तुम्ही मला भाचीच्या बाळाचं सांगत होतात. बोलता बोलता दिवे गेले, मिट्ट काळोख झाला."

"तुम्ही घाबरला होतात, मावशी," नवरा मध्येच म्हणाला.

"घाबरले नंतर. दिवे आधी गेले."

सिस्टरने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, "त्या दिव्यांच्या तारा कुठे आहेत?"

"टाकून दिल्या. जळक्या तारा घरात कोण ठेवतं?"

‘जळक्या’ हा शब्द तोंडातून निघून गेला होता. तो परत कसा घेणार? मावशींपुढे कप सरकवत तो म्हणाला, "चहा घ्या, गार होतोय." माफीचा एक शब्दही त्याच्या तोंडून आला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

दवाखान्यातली सिस्टरची जागा केव्हाच भरली होती. मावशींचा गुडघा काही वाकला नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टरने स्टुलावर चढून, त्या अधू मनगटानेच माझे स्क्रू काढले आणि मला भंगाराच्या डब्यात टाकलं. मला राग आला नाही.

मित्रांनो, दिव्यांची काच पुसा, तारा तपासा, कागदावर लिहिलेलं वाचा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या घरात कुणी म्हणालं, "जळकट वास येतोय," तर हातातलं काम टाकून उठा आणि वास कुठून येतोय ते बघा. बघायला असा कितीसा वेळ लागतो?