गुलाबी व्रण आणि हातमोज्यांचे तेरा जोड

रुग्णालयाच्या धुलाई विभागात, घड्या घालायच्या खोलीत, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी एक्कावन्न माणसं दंड उघडा करून उभी होती. उघडे दंड बावन्न. कारण नेमका कुठला चालेल ते ठाऊक नसल्यानं पहारेकऱ्यानं दोन्ही बाह्या वर केल्या होत्या. एक बाबा. एक बाटली. आणि भिंतीवरच्या चौदा खुंट्यांवर हातमोज्यांचे तेरा जोड, खडखडीत कोरडे.

चौदावा जोड बाहीकाकांच्या हातात होता. काका अडुसष्ट वर्षांचे, आमच्यातले सर्वांत जुने. भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या घालतात, म्हणून हे नाव.

वरच्या मजल्यावर मंकीपॉक्सचे तीन रुग्ण होते. त्यांच्या चादरी लाल पिशवीतून खाली यायच्या. नियम सोपा होता: हातमोजे घाला, बाह्या झाका, चादर झटकू नका. पण लाल पिशवी दिसली की माणसं अचानक दुसऱ्या कामात गढून जायची. मुकादमानं त्यावर उपाय शोधला. नियम चौदा जणांना समजावण्यापेक्षा एक बाबा बोलावणं त्याला कमी कष्टाचं वाटलं.

बाबाचं शास्त्र असं: लहानपणी दंडावर लस टोचली, तिचा व्रण राहिला. देवीची लस मंकीपॉक्सलाही अडवते. मात्र व्रण झोपला असेल तर उपयोग शून्य. तो जागा आहे की झोपलाय, हे बाबाचा थेंब सांगतो. गुलाबी झाला तर जागा.

यातलं देवीच्या लशीबद्दलचं वाक्य बरंचसं खरं होतं. भेसळीच्या दुधातही थोडं दूध असतंच.

"शरीर काही विसरत नाही, बाळांनो," बाबा सांगत होता. "पेशीला आठवण असते. फक्त तिला हाक मारणारा लागतो."

"आणि तो म्हणजे तुम्हीच!" मुकादम म्हणाला.

"मी कोण? मी नुसता थेंब."

थेंबाच्या बोटांत तीन अंगठ्या होत्या.

कार्यालयातला कारकून पुढे आला. थेंब पडला, काही झालं नाही. "गाढ झोपलाय," बाबा हळहळला. मग त्याच्या शिष्यानं 'जागृतीजल' नावाच्या पाण्यात बोळा भिजवून दंड पुसला. पुन्हा थेंब. गुलाबी! कारकुनाचे डोळे पाणावले. जागृतीजलाची बाटली त्यानं लगेच विकत घेतली, बायकोसाठी आणखी एक.

धुलाईच्या माणसांना मात्र जागृतीजल लागतच नव्हतं. आठवड्यापूर्वी चौदांपैकी तेरा जण पहिल्याच थेंबाला गुलाबी झाले होते. इस्त्रीवाल्याचा दंड तर सर्वांत गडद. "हा सिंह आहे, सिंह!" बाबा ओरडला होता. त्या दिवसापासून सिंह लाल पिशव्या उघड्या हातांनी उचलत होता, आणि त्याच्यासोबत माझी मावशी.

मावशी बेचाळीस वर्षांची. मी तिच्याच घरी राहते, ही नोकरीही तिनंच लावून दिली. घरी माझ्या मावसबहिणीला आठवा महिना. हा आजार पोटातल्या बाळाला धोक्याचा ठरू शकतो. आणि मावशी रोज दिवसभर त्या चादरी हाताळून संध्याकाळी लेकीच्या सुजलेल्या पायांना तेल चोळत होती.

"मावशी, तशीच बाटली माझ्या कपाटात आहे," मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. माझं कामच ते. धुतलेल्या कपड्यांत सोडा उरलाय का हे पाहायला मी त्यांच्या पाण्यात थेंब टाकते. गुलाबी झालं तर सोडा आहे. त्या द्रवाचं नाव फिनॉल्फ्थॅलीन. बाटलीवर एका ओळीत मावत नाही.

"तुझी बाटली दुकानातली गं," मावशी म्हणाली होती, "त्यांची साधनेतली. चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवू नकोस."

पण चौदांपैकी तेरा हा आकडा डोक्यातून जाईना. गुलाबी न झालेले एकटे बाहीकाका. त्यांच्या व्रणाला बाबानं 'मृत' ठरवलं होतं. मी सगळ्यांची वयं विचारली आणि हसूच आलं. देवीचा रोग जगातून गेला, तशी ती लसही बंद झाली. आमच्यात ती टोचून घेतलेले फक्त काकाच होते. ज्याच्याकडे खरा व्रण, तोच नापास!

म्हणून आज मी वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना खाली बोलावलं होतं. त्या दाराशी उभ्या होत्या. मी पुढे गेले.

"बाबा, या चादरीची पण परीक्षा घ्या ना."

"चादरीला व्रण नसतो, मुली."

"मग गुलाबी व्हायला नको. बघू या की!"

बाबानं बाटली मागे घेतली. पण पहारेकऱ्याचं कुतूहल दोन बाह्यांचं होतं. त्यानं बाटली उचलली आणि सोड्याच्या पाण्यातून नुकत्याच काढलेल्या चादरीवर थेंब टाकला. गुलाबी. टेबलावर टाकला. गुलाबी. सोडा काढायच्या डावावर टाकला, तर डाव सिंहापेक्षा गडद.

"अरे, डाव पण जागा आहे!" पहारेकरी म्हणाला.

"माझी ऊर्जा या खोलीत भरून राहिली आहे," बाबा म्हणाला. "ती वस्तूंवरही उतरते."

"मग काकांनी काय घोडं मारलं?" मी विचारलं. "त्यांच्यावर का नाही उतरली?"

काकांनी बाही वर केली. मी त्यांच्या 'मृत' व्रणावर चिमूटभर सोडा चोळला. थेंब. गुलाबी.

"मेलेला उठला की हो!" मागून कोणीतरी म्हणालं. खोलीत हशा पिकला.

मावशी हसली नाही. "माझा दंड घे," ती म्हणाली.

शेवटच्या धुण्यात सोडा मारायला आम्ही व्हिनेगर घालतो. त्यात फडकं बुडवून मी तिचा दंड पुसला, मग साध्या पाण्यानं पुसला, थेंब टाकला. थेंब पाण्यासारखाच राहिला.

"म्हणजे माझा व्रण गेला?"

"मावशी, तुझा व्रण देवीच्या लशीचा नव्हताच. तुझ्या जन्माआधीच ती बंद झाली. हा क्षयाच्या लशीचा. आपण बाह्या वर करून सोडा उपसतो, तो दंडावर बसतो. काका झाकून काम करतात, म्हणून ते नापास. आणि ते जागृतीजल म्हणजे सोड्याचं पाणी." कारकुनाच्या बाटलीत मी माझ्या कपाटातला थेंब टाकला. बाटली गुलाबी झाली आणि कारकून लाल.

मावशीनं आपल्या उघड्या हातांकडे पाहिलं. "मी रोज तिचे पाय चोळले गं," ती एवढंच म्हणाली.

"मग मला तरी काही होणार नाही ना?" काकांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"थोडं संरक्षण असेल, काका. किती, ते मला सांगता येणार नाही. लस घेऊन साठेक वर्षं झाली. ती घेतलेल्यांनाही हा आजार झालेला आहे. आणि व्रण पाहून काहीच कळत नाही, थेंब टाकून तर नाहीच. हातमोजे काढू नका."

"मी काढलेच कधी?"

एवढ्यात बाबा अंतर्धान पावला. मालाच्या दारानं. बाटली मात्र पहारेकऱ्याकडेच राहिली.

चमत्कार दाखवणारा समोर आला, तर त्याला शिव्या देऊ नका, पायही धरू नका. एकच विचारा: हे खोटं असतं, तर काय वेगळं दिसलं असतं? आणि तेवढं करून पाहा. जी परीक्षा चादरही पास होते, तिच्या भरवशावर पोटच्या लेकीचा जीव टांगू नका.

लाल पिशव्या उघड्या हातांनी उचलणाऱ्या दोघांना डॉक्टरीणबाईंनी एकवीस दिवस देखरेखीखाली ठेवलं. मावसबहीण सासरी गेली. तिच्यावरही तिथल्या डॉक्टरांची नजर होती. मावशी रोज सकाळी ताप मोजायची आणि आरशासमोर अंग तपासायची, मगच कामावर येऊन हातमोजे घालायची. मी वहीत लिहायचे. सातव्या दिवशी इस्त्रीवाल्याला ताप आला, नवव्या दिवशी पुरळ. त्याला वरच्या मजल्यावर चौथी खाट मिळाली. त्याच्या चादरी लाल पिशवीतून खाली येऊ लागल्या.

एकविसाव्या दिवसाची नोंद, सकाळी सात वाजता:

इस्त्रीवाला: एकूण फोड सव्वीस, खपल्या पडलेले एकोणीस.
मावशी: ताप ३६.७ अंश, फोड शून्य.
मावसबहीण: ताप ३६.९ अंश, फोड शून्य.
काम सुरू असताना खुंटीवर टांगलेले हातमोजे: एक जोड, इस्त्रीवाल्याचा.