राखुंडी नव्हे, मी वीज साठवते!

मी एक जुनी करवंटी आहे, मित्रांनो. पण आता तुम्ही मला ओळखणार नाही, कारण माझी काळी भुकटी झाली आहे.

माझा जन्म गुहागरच्या माडावर झाला. खोबरं सोलकढीत गेलं आणि मी रत्नागिरीजवळच्या एका घरी न्हाणीच्या चुलीपाशी येऊन पडले. माझ्या बहिणी पाणी तापवून राख झाल्या. मला मात्र त्याच घरातल्या, कॉलेजात शिकणाऱ्या शमिकाने उचललं. तिने मला झाकणबंद डब्यात जाळून माझा कोळसा केला, मला कुटलं, प्रयोगशाळेच्या भट्टीत पुन्हा तापवलं आणि स्वच्छ धुतलं. माझ्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी भोकं पडली. हळहळू नका, त्या भोकांतच वीज साठते! माझ्या पोटात एवढी जागा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

माझ्यापासून वीज साठवणारी डबी, म्हणजे वीजडबी, करून ती दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या सरांना दाखवायची होती. तिच्यावर दिवा लागला तर शमिका मुंबईच्या प्रदर्शनाला जाणार होती. मी घरी बरणीत ऐटीत बसले होते.

तेवढ्यात तिच्या सगुणाकाकीने मला राखुंडी समजून दात घासले. वर पुड्या बांधून मला वाडीभर वाटलं!

"काकी, माझी भुकटी!" शमिका रडकुंडीला आली.

"अगो बाय, मला काय म्हायती? मला वाटला राखुंडीच हाय!" काकी काळ्याकुट्ट दातांनी म्हणाली आणि तशीच वाडीत धावली. घरोघरी मागून तिने पुड्या परत आणल्या. पण तिचा चेहरा पडला होता. "सगल्यांनी दात घासायला त्यात मीठ घातलानी गो. फुकट गेला सगला."

माझा तर जीवच गेला. शमिका मात्र हसायला लागली. "काकी, मीठ पाण्यात विरघळतं. आणि ह्या डबीत मिठाचंच पाणी घालायचंय!"

तिने मला पुन्हा धुतलं, वाळवलं, धातूच्या पट्ट्यांवर थापून डबीत बसवलं. दुसऱ्या दिवशी सरांसमोर वीज भरून तारा जोडल्या आणि इवलासा दिवा लागला. काय सांगू, मला फार अभिमान वाटला.

आता शमिका मुंबईला निघाली आहे, मीही तिच्याबरोबर. मित्रांनो, चुलीला लाकूड-पाचोळा भरपूर आहे. एखादी करवंटी तेवढी बाजूला ठेवा. काकी आता रोज ठेवते, आणि प्रत्येक करवंटीला बजावते, "तुला जालायची नाय हां, तुला शिकायला पाठवायची हाय."